गोल नसलेल्या डक्टमधलं लॅमिनार उष्णता संक्रमण: हिशेब कुठून सुरू करायचा आणि कुठे फसतो

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये किंवा नंदेसरीच्या केमिकल प्लांटमध्ये नवीन लागलात, की लवकरच एक काम टेबलावर येतं. जाड तेल, थंड ग्लायकॉल किंवा सिरपसारखा द्रव आहे, वेग कमी आहे आणि वाहिनी गोल नाही. कधी चपटा आयताकृती डक्ट, कधी रिॲक्टरवर वेल्ड केलेली अर्धगोल लिंपेट कॉइल, कधी पत्रा दुमडून केलेला त्रिकोणी मार्ग. साहेब विचारतात, ‘बाहेर किती अंशांवर निघेल?’

कॉलेजात शिकलेलं ३.६६ आठवतं, म्हणजे गोल पाइपमधल्या लॅमिनार (थर न मिसळता संथ वाहणाऱ्या) प्रवाहाचा नसेल्ट नंबर, आणि टर्ब्युलंट (घुसळत जाणाऱ्या) प्रवाहाचं सूत्रही आठवतं. या कामात दोन्ही आंधळेपणाने वापरली तर घात होतो. टर्ब्युलंट प्रवाहात हायड्रॉलिक डायमीटर घातला की आकाराचा फरक बराचसा मिटतो. लॅमिनार प्रवाहात तो मिटत नाही. तिथे उत्तर तीन गोष्टी ठरवतात: आकार, भिंतीची अट आणि लांबी. खालचा क्रम त्याच तीन गोष्टींभोवती आहे.

आधी हे हाताशी ठेवा

- डक्टचं ड्रॉइंग, आणि डक्ट तयार असेल तर व्हर्निअरने घेतलेली आतली मापं
- द्रवाची घनता, विशिष्ट उष्णता, उष्णतावाहकता
- चिकटपणा किमान तीन तापमानांना: आत येताना, सरासरी आणि भिंतीजवळ
- प्रवाहाचा दर, आत येतानाचं तापमान, भिंतीच्या पलीकडे काय आहे याची माहिती
- एक्सेल

चिकटपणाच्या तीन आकड्यांबाबत तडजोड करू नका. पुरवठादाराच्या डेटाशीटवर बहुधा ४० आणि १०० अंशांचे आकडे असतात. मधले हवे असतील तर चिकटपणा-तापमान आलेखावरून काढा, सरळ रेषेने काढू नका. ‘व्हीजी ४६’ याचा अर्थ ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक्स. तेच तेल ६० अंशांना साधारण २० सेंटिस्टोक्स होतं. ग्रेडचा आकडा जसाच्या तसा सूत्रात घातला तर रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह लॅमिनार की टर्ब्युलंट हे सांगणारा आकडा) निम्म्याहून खाली येतो. सेंटिस्टोक्सला घनतेने (ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर) गुणलं की सेंटिपॉइज मिळतात. म्हणजे २० × ०.८५ = १७ सेंटिपॉइज, अर्थात ०.०१७ पास्कल-सेकंद.

१. आकार मोजा: ओला परीघ वेगळा, तापलेला परीघ वेगळा

हायड्रॉलिक डायमीटर = ४ × क्षेत्रफळ ÷ ओला परीघ

आतून ४० × १० मिमीचा डक्ट घेऊ. क्षेत्रफळ ४०० चौ. मिमी, परीघ १०० मिमी, हायड्रॉलिक डायमीटर १६ मिमी. पुढचं सगळं उदाहरण याच डक्टवर आहे.

प्रेस ब्रेकवर वाकवलेल्या डक्टला काटकोनी कोपरे नसतात. आतून ३ मिमी त्रिज्या आली तर क्षेत्रफळ साधारण ३९२ चौ. मिमी, परीघ ९५ मिमी आणि हायड्रॉलिक डायमीटर १६.५ मिमी होतो. इथे फरक किरकोळ आहे. छोट्या त्रिकोणी मार्गात मात्र तो मोठा असतो, शिवाय वेल्डचा बीड आत उतरला असेल तर ड्रॉइंगवरचा आकार खरा राहतच नाही.

लिंपेट कॉइलमध्ये गोंधळ ठरलेला आहे. आतला व्यास ड असलेल्या अर्ध्या पाइपचा हायड्रॉलिक डायमीटर ०.६११ × ड येतो. रेनॉल्ड्स नंबर आणि दाबासाठी हाच वापरायचा. उष्णता मात्र फक्त रिॲक्टरच्या सपाट बाजूने जाते, म्हणून बऱ्याच डिझाइन पद्धतींत उष्णतेसाठीचा समतुल्य व्यास तापलेल्या परिघावरून घेतात आणि तो १.५७ × ड येतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ज्या सूत्रासाठी जो सांगितला आहे तोच तिथे घाला. एक्सेलमध्ये दोन वेगळे रकाने करा, म्हणजे सरमिसळ होत नाही.

२. प्रवाह खरंच लॅमिनार आहे का

रेनॉल्ड्स नंबर = घनता × वेग × हायड्रॉलिक डायमीटर ÷ चिकटपणा

आपल्या डक्टमधून व्हीजी ४६ तेल ०.५ मीटर प्रति सेकंद वेगाने जातंय, सरासरी तापमान ६० अंश. घनता ८५० किलो प्रति घनमीटर, विशिष्ट उष्णता २०५० जूल प्रति किलो-अंश, उष्णतावाहकता ०.१३ वॅट प्रति मीटर-अंश. रेनॉल्ड्स नंबर ४०० येतो, म्हणजे निःशंक लॅमिनार.

२३०० हा आकडा गोल पाइपचा आहे आणि तोही काही लक्ष्मणरेषा नाही. गोल नसलेल्या डक्टसाठी २००० च्या खाली असाल तर लॅमिनार धरा. २००० ते ४००० मध्ये डिझाइन येत असेल तर वेग किंवा माप बदला. त्या पट्ट्यात कुठल्याही सूत्रावर गॅरंटी लिहून देऊ नये.

द्रव पाण्यासारखा पातळ आणि वेग फारच कमी असेल तर नैसर्गिक संवहन तपासा. ग्राशॉफ नंबरला (तापून हलका झालेला द्रव वर चढण्याचा जोर सांगणारा आकडा) रेनॉल्ड्सच्या वर्गाने भागा. वरच्या तेलासाठी हे गुणोत्तर ०.०१ च्या आसपास येतं, म्हणजे दुर्लक्ष करता येतं. याच डक्टमध्ये ४० अंशांचं पाणी ताशी १८० मीटरने, म्हणजे सेकंदाला ५ सेंटीमीटरने जात असेल आणि भिंतीशी २० अंशांचा फरक असेल तर ते ०.५ च्या जवळ जातं. तिथे खालचे तक्ते उष्णता कमी दाखवतील.

३. भिंतीची अट ओळखा

नवखे लोक ही पायरी सर्रास गाळतात. एकाच आकाराचे तीन वेगवेगळे नसेल्ट नंबर (उष्णता संक्रमण गुणांक × हायड्रॉलिक डायमीटर ÷ द्रवाची उष्णतावाहकता) तक्त्यात दिसतात ते याच कारणाने.

पहिली अट: भिंतीचं तापमान सगळीकडे सारखं. पलीकडे वाफ थिजत असेल किंवा भरपूर कूलिंग वॉटर जोरात वाहत असेल तर ही अट धरा.

दुसरी अट: लांबीच्या प्रत्येक मीटरला सारखी उष्णता, पण एकाच छेदात भोवतालचं तापमान सारखं. तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची जाड भिंत आणि बाहेरून गुंडाळलेला हीटर असेल तर ही चालते. दोन्ही बाजूंची उष्णताधारिता जुळणाऱ्या काउंटरफ्लो एक्स्चेंजरलाही हीच लागू पडते.

तिसरी अट: लांबीत सारखी आणि भोवतीही सारखी उष्णता. पातळ स्टेनलेस पत्रा आणि त्याला सर्व बाजूंनी चिकटवलेला विजेचा हीटर. स्टेनलेसची उष्णतावाहकता तांब्याच्या पंचविसाव्या हिश्शापेक्षाही कमी असल्यामुळे उष्णता भिंतीतल्या भिंतीत पसरत नाही. कोपऱ्यात द्रव जवळजवळ थांबलेला असतो आणि तिथेही तितकीच उष्णता कोंबली जाते. मग कोपरा तापतो आणि तेल असेल तर तिथेच जळून थर धरतं. सरासरी तापमान ठीक दिसत असूनही तेल काळं पडतंय अशी तक्रार आली, तर आधी कोपरे बघा.

४. आकाराचा तक्ता वाचा

हे आकडे पूर्ण विकसित प्रवाहाचे आहेत, म्हणजे वेग आणि तापमान या दोन्हींचा आडवा नकाशा स्थिरावल्यानंतरचे. शाह आणि लंडन यांनी १९७८ मध्ये असे बहुतेक आकार एकत्र मांडले आणि आजही तेच वापरात आहेत. सगळे हायड्रॉलिक डायमीटरवर आधारलेले आहेत. शेवटचा आकडा म्हणजे फॅनिंग घर्षणांक (दाबाच्या हिशेबात लागणारा भिंतीच्या घर्षणाचा आकडा) × रेनॉल्ड्स. पुढे त्याला नुसतं ‘घर्षण गुणाकार’ म्हणू.

- गोल: पहिली अट ३.६६, दुसरी ४.३६, तिसरी ४.३६, घर्षण १६
- चौरस: २.९८, ३.६१, ३.०९, घर्षण १४.२३
- आयत २:१: ३.३९, ४.१२, ३.०२; घर्षण १५.५५
- आयत ४:१: पहिली ४.४४, दुसरी ५.३३, घर्षण १८.२३
- आयत ८:१: पहिली ५.६०, दुसरी ६.४९, घर्षण २०.५८
- समांतर पाट्या: पहिली ७.५४, दुसरी ८.२४, घर्षण २४
- समभुज त्रिकोण: २.४७, ३.११, १.८९; घर्षण १३.३३
- नियमित षट्कोन: ३.३४, ४.००, ३.८६, घर्षण १५.०५
- लंबगोल २:१: पहिली ३.७४, दुसरी ४.५६, घर्षण १६.८२

चपट्या आयतांसमोर तिसऱ्या अटीचा आकडा मुद्दाम लिहिलेला नाही. चारही बाजू सारख्या तापवल्या तर ४:१ असो वा ८:१, तो ३ च्या किंचित खालीच राहतो, समांतर पाट्यांच्या ८.२४ कडे सरकत नाही. कारण त्या दोन छोट्या बाजू. डक्ट कितीही चपटा करा, त्या कोपऱ्यांत उष्णता सोडतच राहतात. चपटा डक्ट हीटरने तापवायचा असेल तर छोट्या बाजूंवर हीटर लावू नका, फक्त रुंद बाजू तापवा.

एकच रुंद बाजू तापलेली आणि समोरची इन्सुलेटेड असेल तर समांतर पाट्यांसाठी पहिल्या अटीला ४.८६ आणि उष्णता सारखी असताना ५.३८ घ्या. ७.५४ घेतलात तर उत्तर दीडपटीहून जास्त फुगेल.

मधल्या गुणोत्तरांच्या आयतांसाठी एक्सेलमध्ये हे बसवा. ‘ग’ म्हणजे छोटी बाजू ÷ मोठी बाजू:

पहिल्या अटीचा नसेल्ट = ७.५४१ × (१ − २.६१०ग + ४.९७०ग² − ५.११९ग³ + २.७०२ग⁴ − ०.५४८ग⁵)

घर्षण गुणाकार = २४ × (१ − १.३५५३ग + १.९४६७ग² − १.७०१२ग³ + ०.९५६४ग⁴ − ०.२५३७ग⁵)

ग = ०.२५ घालून ४.४४ आणि १८.२३ येतात का ते बघा. आले नाहीत तर चिन्हांत चूक झाली आहे.

नुसता नसेल्ट बघून आकार निवडू नका. ४०० चौ. मिमी क्षेत्रफळ कायम ठेवून याच तेलासाठी चार आकार ताडून पाहिले, तर लांबीच्या दर मीटरला दर अंशामागे जाणारी उष्णता अशी येते: गोल १.४९ वॅट, चौरस १.५५, समभुज त्रिकोण १.६७ आणि ४:१ आयत ३.६१. त्रिकोणाचा नसेल्ट सगळ्यांत कमी असूनही तो गोल पाइपच्या पुढे गेला, कारण त्याचा परीघ जास्त आहे. त्याची किंमत दाबात मोजावी लागते: गोल पाइपच्या तुलनेत त्रिकोणाला १.४ पट दाब लागतो आणि ४:१ आयताला जवळजवळ २.३ पट.

५. लांबी पुरेशी आहे का: इथे थांबून हिशेब करा

वरचा तक्ता लागू होण्यासाठी तापमानाचा नकाशा स्थिरावलेला हवा. त्याला लागणारी लांबी:

०.०५ × रेनॉल्ड्स × प्रँटल × हायड्रॉलिक डायमीटर

आपल्या तेलाचा प्रँटल नंबर (चिकटपणा × विशिष्ट उष्णता ÷ उष्णतावाहकता) ०.०१७ × २०५० ÷ ०.१३ = २६८. लांबी येते ०.०५ × ४०० × २६८ × ०.०१६ = जवळजवळ ८६ मीटर! वेगाचा नकाशा ३२ सेंटीमीटरमध्येच स्थिरावतो, तापमानाचा मात्र ८६ मीटरनंतर. वर्कशॉपमधला डक्ट असतो दोन मीटरचा. म्हणजे तेलाच्या कामात तुम्ही जवळजवळ कायम प्रवेश भागातच (नकाशा स्थिरावण्याआधीच्या सुरुवातीच्या लांबीत) असता आणि तक्त्यातला ४.४४ तुमच्या कामाचा नसतो.

हवेचं उलट आहे. १० मिमी चौरस मार्ग, रेनॉल्ड्स १०००, प्रँटल ०.७ धरला तर ही लांबी ३५ सेंटीमीटर निघते. हवेच्या लांब मार्गाला तक्ता बऱ्यापैकी चालतो. हवेत वेग आणि तापमान एकत्र स्थिरावत असल्यामुळे सुरुवातीच्या भागात प्रत्यक्ष उष्णता खालच्या सूत्रापेक्षा थोडी जास्तच मिळते.

प्रवेश भागाचा कारभार ग्रेट्झ नंबर चालवतो. मूळ प्रश्न ग्रेट्झने १८८३ मध्येच मांडला होता:

ग्रेट्झ = रेनॉल्ड्स × प्रँटल × हायड्रॉलिक डायमीटर ÷ लांबी

दोन मीटरसाठी ४०० × २६८ × ०.०१६ ÷ २ = ८५८. आता दोन आकडे काढा.

सुरुवातीचा सरासरी नसेल्ट = ०.६४१ × (घर्षण गुणाकार × ग्रेट्झ) चं घनमूळ

हे लेव्हेकच्या १९२८ च्या विश्लेषणाचं रूप आहे. घर्षण गुणाकार इथे येतो तो भिंतीलगतच्या वेगाचा उतार सांगण्यासाठी, आणि त्यातूनच आकाराचा परिणाम सूत्रात शिरतो. गोल पाइपचा १६ घातला की ओळखीचा १.६१५ हा गुणक मिळतो. आपल्या डक्टसाठी १८.२३ × ८५८ चं घनमूळ २५ आणि नसेल्ट १६.०.

मग दोन्ही जोडा: १६.० आणि ४.४४ यांचे पाचवे घात घ्या, बेरीज करा, पाचवं मूळ काढा. उत्तर १६.० च राहतं, कारण दोन मीटरमध्ये ४.४४ चा काही प्रभाव पडत नाही. टोकदार कोपऱ्यांच्या त्रिकोणात मात्र ही जोडणी जरा जास्तच आशावादी असते, कारण कोपऱ्यातले थर एकमेकांना लवकर भिडतात.

पडताळणीसाठी गोल पाइपचं हाउसेनचं १९४३ चं सूत्र घ्या: ३.६६ + ०.०६६८ × ग्रेट्झ ÷ (१ + ०.०४ × ग्रेट्झचा २/३ घात). उत्तर १६.१. सीडर-टेटच्या १९३६ च्या सूत्राने, म्हणजे १.८६ × ग्रेट्झचं घनमूळ, चिकटपणाची दुरुस्ती न लावता १७.७ येतं. तिन्ही एकाच गावात आहेत. तुमचा आकडा यांच्या दुप्पट किंवा निम्मा आला तर एककं तपासा.

एक सापळा फार फसवा आहे. याच डक्टला चुकून टर्ब्युलंटचं डिटस-बोल्टर लावलं तर नसेल्ट १४.९ येतो आणि सगळं जुळलं असं वाटतं. हा निव्वळ योगायोग आहे. त्या सूत्रात लांबी नाहीच. डक्ट २० मीटरचा केला तरी ते १४.९ च सांगेल, आणि खरा सरासरी नसेल्ट तेव्हा साडेसातवर आलेला असतो.

आणखी एक: लांबी बरोबर ‘स्थिरावण्याच्या लांबीइतकी’ असली तरी सरासरी नसेल्ट तक्त्यापेक्षा बराच वर असतो. गोल पाइपला ग्रेट्झ २० असताना हाउसेन ४.६९ देतो, म्हणजे ३.६६ पेक्षा २८ टक्के जास्त. स्थानिक आणि सरासरी यांत गल्लत करू नका. बाहेरचं तापमान काढायला सरासरी लागतो, टोकाशी भिंत किती तापेल हे बघायला स्थानिक.

६. भिंतीजवळचा चिकटपणा लावा

बडोद्याच्या उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचं पाणी ३२ अंशांच्या आसपास मिळतं, म्हणून भिंत ३५ अंश धरू. तिथे हे तेल साधारण ०.०५० पास्कल-सेकंद इतकं घट्ट असतं. दुरुस्ती = (सरासरी चिकटपणा ÷ भिंतीजवळचा चिकटपणा) चा ०.१४ घात. म्हणजे ०.३४ चा ०.१४ घात, साधारण ०.८६.

नसेल्ट १६.० × ०.८६ = १३.८

उष्णता संक्रमण गुणांक = १३.८ × ०.१३ ÷ ०.०१६ = ११२ वॅट प्रति चौरस मीटर-अंश

तक्त्यातला ४.४४ घेऊन बसला असतात तर हीच ०.८६ ची दुरुस्ती लावून तो ३१ आला असता.

७. बाहेरचं तापमान

प्रवाह ०.१७ किलो प्रति सेकंद. घातातला आकडा = गुणांक × परीघ × लांबी ÷ (प्रवाह × विशिष्ट उष्णता) = ११२ × ०.१ × २ ÷ ३४८.५ = ०.०६४. तेल ६१ अंशांवर आत आलं तर भिंतीशी फरक २६ अंश. बाहेर पडताना तो २६ × (e चा −०.०६४ घात) = २६ × ०.९३८ = २४.४. तेल ५९.४ अंशांवर निघतं, उष्णता साधारण ५६० वॅट. सरासरी ६० धरली होती, ती जुळली. जुळली नसती तर नव्या सरासरीवर गुणधर्म बदलून पुन्हा फेरी मारायची. दोन-तीन फेऱ्यांत आकडा बसतो.

आता ग्राहकाने १० अंश उतार मागितला. दोन मीटरमध्ये १.६ उतरतात, म्हणजे १० साठी साडेबारा मीटर, असा त्रैराशिकाचा हिशेब कोटेशनमध्ये जाऊ देऊ नका. लांबी वाढते तसा सरासरी नसेल्ट घसरतो आणि तेल थंड होतं तसा भिंतीशी फरकही घटतो. चिकटपणा तोच धरून पूर्ण हिशेब केला तर लांबी सुमारे ३९ मीटर लागते. प्रत्यक्षात थंड होताना तेल घट्ट होतं, म्हणून त्याहूनही थोडी जास्त.

यातून सुटायचा मार्ग लांबी वाढवणं नाही, तापमानाचा थर मोडणं हा आहे. दर दोन मीटरला तेल पूर्ण ढवळून निघालं तर प्रत्येक तुकडा नव्याने १३.८ पासून सुरू होतो आणि तेच काम एकूण १५ मीटरच्या आसपास होतं. तुकड्यातुकड्याचे ऑफसेट फिन वापरतात ते यासाठीच. मात्र नुसत्या यू-बेंडने ढवळणं पूर्ण होतं असं धरू नका. ४०० रेनॉल्ड्सवर बेंडमध्ये दुय्यम भोवरे तयार होतात, पण तेल पूर्ण मिसळत नाही. स्टॅटिक मिक्सर किंवा मिक्सिंग चेंबर द्या आणि त्याचा दाब वेगळा मोजा.

८. तक्त्यात नसलेला आकार

विचित्र आकारासाठी हायड्रॉलिक डायमीटरऐवजी क्षेत्रफळाचं वर्गमूळ ही लांबी घेतली तर वेगवेगळे आकार एकमेकांच्या बरेच जवळ येतात. मुझिच्का आणि योव्हानोविच यांनी ही पद्धत मांडली. त्या वर्गमुळावरचा घर्षण गुणाकार:

१२ ÷ [√ग × (१ + ग) × (१ − ०.६२७४ × ग × टॅनएच(π ÷ २ग))]

इथे ग म्हणजे आकाराच्या उंची-रुंदीचं गुणोत्तर (छोटी ÷ मोठी) आणि टॅनएच म्हणजे एक्सेलचं TANH फंक्शन. ४० × १० साठी २२.८ येतं, १६ ÷ २० ने गुणून हायड्रॉलिक डायमीटरवर आणलं की १८.२, म्हणजे तक्त्याशी तंतोतंत. याच पद्धतीचा पहिल्या अटीचा नसेल्ट (३.२४ × घर्षण गुणाकार ÷ (१४.१८ × ग चा ०.१ घात)) हायड्रॉलिक डायमीटरवर ४.७८ येतो, तक्त्यातल्या ४.४४ पेक्षा ८ टक्के जास्त. घर्षणासाठी ही पद्धत फार चांगली. उष्णतेसाठी १० टक्के पदरात ठेवून वापरा. टोकदार कोनांच्या आकारांना ०.१ च्या जागी −०.३ घ्या.

९. दाब

फॅनिंग घर्षणांक = १८.२३ ÷ ४०० = ०.०४५६. दाब = ४ × ०.०४५६ × (२ ÷ ०.०१६) × ८५० × ०.५² ÷ २ = २.४ किलोपास्कल. भिंतीजवळचं तेल घट्ट असल्याने चिकटपणांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ लावा. १.७ पट, म्हणजे ४ किलोपास्कलच्या पुढे.

गोल पाइपचा आकडा एका पुस्तकात १६ आणि दुसऱ्यात ६४ दिसला तर घाबरू नका. ६४ डार्सी घर्षणांकाचा आहे आणि त्याच्या सूत्रात सुरुवातीचा ४ नसतो. पंप मात्र पहाटेच्या सुरुवातीसाठी निवडा. डिसेंबरमध्ये रात्रभर उघड्यावर राहिलेलं तेल १५ अंशांवर असेल तर ते ६० अंशांच्या तुलनेत आठ पटीच्या आसपास घट्ट असतं आणि लॅमिनारमध्ये दाबही त्याच पटीत चढतो.

१०. समांतर वाहिन्या: फॅब्रिकेशनचा मिलिमीटर

एकाच हेडरमधून अनेक चपट्या फटींत तेल वाटायचं असेल तर फटीची जाडी फीलर गेजने प्रत्येक ठिकाणी मोजून घ्या. लॅमिनारमध्ये सारख्या दाबाला प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात जातो. २ मिमीच्या फटीत ±०.२ मिमी सैलपणा ठेवला तर २.२ च्या फटीतून १.३३ पट आणि १.८ च्या फटीतून ०.७३ पट प्रवाह जाईल. टर्ब्युलंटमध्ये इतका फरक पडत नाही, त्यामुळे पाण्याच्या कुलरवर काम केलेल्या फिटरला ही टॉलरन्स नीट समजावून सांगावी लागते.

कुलरमध्ये हे आणखी बिघडतं. अरुंद फटीत तेल हळू जातं, जास्त थंड होतं, घट्ट होतं आणि आणखी हळू जातं. शेवटी काही फटी जवळजवळ बंद आणि बाकीच्यांतून गरम तेल तसंच पार. कूलिंग वॉटर वाढवलं की उतार वाढण्याऐवजी कमी झाला, तर हाच रोग समजा आणि पाणी कमी करून बघा.

११. चाचणी घेताना

आपल्या डक्टमधला उतार १.६ अंश आहे. साध्या के-टाइप थर्मोकपलची चूकच दीड-दोन अंशांची असते, त्याने हा उतार मोजता येणार नाही. एकाच बाथमध्ये सोबत कॅलिब्रेट केलेली पीटी-१०० ची (प्लॅटिनमच्या तापमान सेन्सरची) जोडी घ्या आणि चाचणीआधी दोन्ही एकाच तेलात बुडवून फरक लिहून ठेवा.

बाहेरचा सेन्सर डक्टच्या तोंडाशी मधोमध लावू नका. ग्रेट्झ ८५८ असताना थंडावा फक्त भिंतीलगतच्या थरात असतो, मधलं तेल आत आलं त्याच तापमानावर बाहेर पडतं. सेन्सर ६१ च दाखवेल आणि डक्ट काहीच करत नाही असा निष्कर्ष निघेल. आधी छिद्रांच्या दोन-तीन जाळ्या असलेलं इन्सुलेटेड मिक्सिंग चेंबर लावा आणि सेन्सर त्याच्या पुढे बसवा. प्रवाह रोटामीटरवर वाचत असाल तर तो पाण्यासाठी कॅलिब्रेट केलेला आहे का ते पाहा. जाड तेलावर त्याचा आकडा चालत नाही. बादली, वजनकाटा आणि स्टॉपवॉच जास्त भरवशाचे.